सहा आणि वर सहा

नाना खुर्चीत बसतात तेव्हा आधी खुर्चीचा हात ठक्कन वाजतो, मग नाना बसतात. उजव्या कुशीला बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर, डाव्या कुशीला जादा काडतुसांची चामडी पिशवी. शस्त्र झाकून न्यावं असा नियम आहे आणि नाना नियमाचे पक्के, म्हणून वरून ढगळ बुशशर्ट. त्या बुशशर्टाला दोन्ही अंगांनी येणारी टेंगळं झाकायची सोय मात्र कुठल्याच नियमात नाही. बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्यापासून लालबागच्या स्टेशनापर्यंत कोणालाही विचारा, नानांची कुठली बाजू भरलेली आणि कुठली जादा, हे तो न बघता सांगेल.

लायसनवाले आमच्याकडे पुष्कळ. बरेचसे शस्त्र कपाटात ठेवतात आणि लायसन खिशात; जमिनीच्या बोलणीत किंवा सोयरिकीच्या बैठकीत पाकीट उघडताना ते पुस्तक समोरच्याला दिसेल एवढी काळजी घेतात. काही कमरेला लावतात आणि लावलं की आपोआप कमी बोलतात. नाना या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना रिव्हॉल्वरचं फार कौतुकच नाही. त्यांचा सगळा जीव अडकलाय तो रिव्हॉल्वर रिकामं झाल्यानंतरच्या क्षणात. “सहा तर कोणीही मारीन,” ते म्हणतात, “सातवी कोठून आणशीन, ते सांग भो.” पहिली अजून मारायची आहे, ही गोष्ट या प्रश्नाच्या आड येत नाही.

स्वभावच तसा. चष्मे दोन, बॅटऱ्या दोन, बॅटरीचे सेल चार. स्कूटरच्या डिकीत जादा क्लच वायर आणि त्या वायरीच्या वेटोळ्यात जादा प्लग. लग्नाला निघताना आहेराचं एक पाकीट कोऱ्या नावाचं, न जाणो कोणी राहून गेलं तर. घरी काकू वरण-भाताला दोन माणसांचं जास्तच लावतात, कारण नाना पानावर बसण्याआधी पातेल्यात डोकावतात. एवढा सावध माणूस कोणाला भितो म्हणाल, तर कोणालाच नाही. नानांना वैरी नाही. लायसनच्या अर्जात ‘धोका कोणापासून’ याचं उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ओळखीपाळखीत शोधून पाहिला, एकही हाती लागला नाही. शेवटी केळीच्या पैशांची ने-आण आणि रात्रीची राखण ही कारणं लिहिली. दोन्ही खरी होती. बुऱ्हाणपूरची केळी दूरवर जाते, तिचा पैसा घरी येतो, आणि तापीकाठच्या बागेत रात्री माणसापेक्षा रानडुक्करच जास्त फिरतं.

मध्य प्रदेशात लायसनची हौस ही काही नवलाची बाब नाही. चंबळच्या बाजूला तर बंदूक खांद्यावर नसेल तर माणूस अर्धा दिसतो. 2008 साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात झुकतं माप देण्याची योजना निघाली होती आणि देशभर गाजली होती. 2019 साली ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अर्जदाराला 10 झाडं लावून त्यांच्यासोबत काढलेला फोटो आणायला सांगितलं. नानांचं लायसन त्या दोन्हींच्या आधीचं. पहिल्या योजनेतून आपण वाचलो याचा त्यांना आनंद आहे. दुसरीचं मात्र वाईट वाटतं. “10 कायले? मी तर 10,000 लावले असते. केळीचे.”

रिव्हॉल्वर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. हे नाना प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, आणि त्याला कारण आहे. आमच्याच जिल्ह्यातलं, खकनार तहसिलीतलं पाचोरी गाव देशी पिस्तुलांच्या धाडींमुळं सतत वर्तमानपत्रात असतं. परगावचा पाहुणा बुऱ्हाणपूर म्हटलं की एकतर मुमताजमहलचं नाव काढतो, नाहीतर पाचोरीचं. मुमताज 1631 साली इथं वारली, त्याला नानांचा इलाज नाही. पण पाचोरीचं नाव निघालं की ते बुशशर्टाखालून लायसनचं पुस्तक काढतात आणि नंबर वाचून दाखवतात. काडतुसंही खडकीची. बुडाशी ‘केएफ’ अशी अक्षरं ठोकलेली असतात, ती म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची खूण. पुण्याचं आपण एवढंच घेतो, असं नाना म्हणतात.

आता मूळ मुद्दा. कानपूरचं हे रिव्हॉल्वर जुन्या इंग्रजी वेब्लीच्या घराण्यातलं. वरचा खटका दाबला की नळी पुढं वाकते, मागचं चक्र उघडं पडतं आणि सहाही रिकामी टोपणं एका झटक्यात बाहेर फेकली जातात. रिकामं होणं असं पटकन होतं. भरणं मात्र एकेक. एक काडतूस पिशवीतून काढा, भोकात घाला, दुसरं काढा. दिवसाउजेडी, पंख्याखाली, काकूंनी चहा आणून ठेवलेला असताना नानांना सहा भरायला लागणारा वेळ एवढा असतो की चहावर साय येते. मग अंधारात, घाम फुटलेल्या बोटांनी, समोर कोणी असताना काय होईल? हा प्रश्न नानांना एकदा पडला आणि त्यांचं सगळं पुढचं आयुष्य त्या प्रश्नानं व्यापलं.

याचं उत्तर जगात कधीच निघालेलं आहे. त्याला स्पीड लोडर म्हणतात. काडतुसं चक्राच्या मापानं गोलात धरून ठेवणारी वाटोळी पकड. तोंडं भोकांना लावायची, मागची मूठ फिरवायची किंवा नुसती दाबायची, की सहाच्या सहा एकदम आत उतरतात. वेब्लीसाठी असलं साधन इंग्लंडात प्रिडो नावाच्या गृहस्थानं 1893 सालीच पेटंट करून ठेवलं होतं आणि पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी ते वापरलंही. म्हणजे नानांच्या रिव्हॉल्वरच्या आजोबांपाशी ते होतं आणि नातवापाशी नाही, हा अन्याय त्यांना सहन होईना. मोबाईलवर त्यांनी जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाची चित्रफीत शोधून काढली. 1999 साली या माणसानं रिव्हॉल्वरमधून सहा गोळ्या झाडल्या, पुन्हा भरलं आणि आणखी सहा झाडल्या, सगळं मिळून 2.99 सेकंदांत. नानांनी ती इतक्या वेळा पाहिली की काकूंना तो माणूस घरातला वाटू लागला. “आले का तुमचे भाऊसाहेब?” त्या आतून विचारत.

चहाच्या टपरीवर मात्र नाना भाऊसाहेबांची गोष्ट सांगत नाहीत, तिथं ते न्यूहॉलची सांगतात. एप्रिल 1970, कॅलिफोर्निया. दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत हायवे पोलिसांचे चार तरुण शिपाई मारले गेले, आणि त्यातला एक रिव्हॉल्वरमध्ये एकेक गोळी भरत असतानाच गेला. त्यानंतर तिकडच्या पोलिसांनी स्पीड लोडर घेतले. गोष्ट खरी आहे आणि वाईट आहे. नाना ती इतकी जीव ओतून सांगतात की केळीच्या गाड्या भरणारे हमाल हातातला घोट तसाच धरून ऐकतात. नंतर सगळे गप्प होतात आणि कोणीतरी हळूच विचारतं, “नाना, पण आपल्याकडं कोण येणार?” नाना उत्तर देत नाहीत. त्यांना प्रश्नाचा पहिला भाग मान्यच नसतो.

त्यांना खरा विरोध एकाच माणसाचा, जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या रेंजरसाहेबांचा. रेंजरसाहेबांपाशी दुनळी बारा बोर आहे आणि तीही बहुधा माळ्यावर. त्यांचं मत असं की दोन गोळ्या माणसाला पुष्कळ झाल्या. “दोनांत काम झालं नाही तर देवानं पाय कशाला दिलेत?” यावर नाना असीरगड काढतात. गावापासून वीसेक किलोमीटरवरचा हा किल्ला. दख्खनचं दार म्हणायचे त्याला. अकबरानं महिनोन्‌महिने वेढा घातला आणि 1601 च्या जानेवारीत तो पडला. आत धान्य होतं, पाणी होतं, तोफा आणि दारूगोळा तर भरपूर होता. “मग पडला कायले?” नाना विचारतात. इतिहासकार रोगराई सांगतात, फितुरी सांगतात, सोन्याच्या मोहरा सांगतात. नानांचं निदान वेगळं आहे: माल कोठारात होता, कमरेला नव्हता.

स्पीड लोडर मिळवण्याची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या भाच्यानं मामांसाठी म्हणून एक आणला. डबी उघडली तर भोकं पाच. तिकडं खिशात मावणारी लहान रिव्हॉल्वरं पुष्कळदा पाचच गोळ्यांची असतात, हे भाच्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो बिचारा संगणकवाला. नानांनी पाच भोकांकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “पांडव झाले. कर्ण कोठी ठेवू?” शिवाय तो अडतीस बोरचा, बत्तीसची काडतुसं त्यात खुळखुळत होती. प्रत्येक रिव्हॉल्वरच्या चक्राचं माप वेगळं, भोकांमधलं अंतर वेगळं, त्यामुळं एकाचा लोडर दुसऱ्याला चालत नाही, हे ज्ञान नानांना तेव्हा झालं. भाचा सुट्टीत येताना आता फक्त बदाम आणतो.

मग नाना लेथवाल्याकडं गेले. बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव, मागाचा कुठलाही तुटका भाग इथं दिवसात करून मिळतो. नानांनी कागदावर वर्तुळ काढलं, वर्तुळात सहा वर्तुळं काढली, माप म्हणून एक काडतूस टेबलावर ठेवलं. लेथवाल्यानं आधी मशीन बंद केली, मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं. “नाना, हे पाचोरीवालं काम माझ्याकडून होणार नाही. मला लहान पोरं आहेत.” नानांनी घातलेल्या शपथा वाया गेल्या. अखेर दोघं मिळून ठाण्यात गेले. टीआय साहेबांनी, म्हणजे ठाणेदारांनी, तो कागद उलटासुलटा केला. “ये क्या है, इडली का साँचा?” नानांनी न्यूहॉलपासून सुरुवात केली. साहेबांनी हात वर करून थांबवलं. “इसमें से गोली चलती है?” नाही, फक्त ठेवता येते. “तो फिर डिब्बा है. बनवा लो.” नायलॉनचा एक भक्कम गोळा घेऊन लेथवाल्यानं तो करून दिला, पण बिलावर ‘मागाचा बुश’ असंच लिहिलं.

पहिल्या डिब्ब्यात एक दोष होता. तो दाबल्यावर काडतुसं सोडत नव्हता, आणि न दाबता सोडत होता.

हे नानांना गांधी चौकात कळलं. रमजानचे दिवस, संध्याकाळची वेळ, मावा जिलबीच्या दुकानावर ही गर्दी. बुऱ्हाणपूरची ही जिलबी म्हणजे मैद्याच्या जिलबीची थोरली बहीण, काळसर, जाड, माव्याचीच केलेली. तिच्यासाठी नाना स्वतः जातात, नोकराला पाठवत नाहीत. नानांनी पैसे काढायला खिशात हात घातला, डिब्बा दाबला गेला नाही म्हणून त्यानं आपलं काम केलं, आणि फाटक्या खिशातून पितळी काडतुसं एकामागून एक फरशीवर टणटणत गेली. पहिल्या आवाजाला कोणी वळून पाहिलं नाही. तिसऱ्याला रांग थांबली. पाचव्याला रांग उरली नाही. एका पोरानं धावत जाऊन तीन गोळा केली आणि आदबीनं ओंजळ पुढं केली, “नाना, तुमच्या गोळ्या.” दोन रेंजरसाहेबांच्या चपलेखाली सापडली, ते जिलबीसाठीच आले होते आणि या प्रसंगाला हजर असल्याबद्दल देवाचे आभार मानत होते.

पाच झाली. सहावी कुठं?

भट्टीकडं घरंगळताना पाहिली, असं एकानं सांगितलं. काडतूस आचेत पडलं तर फुटतं, एवढं सगळ्यांना ठाऊक. कारागीर झाऱ्यासकट रस्त्याच्या पलीकडं गेला. भट्टीवर बादल्या ओतल्या. धूर झाला, घाणा बुडाला, राख चाळली, विटा हलवल्या, नालीत हात घातले. काडतूस हरवलं तर ठाण्यात कळवावं लागतं, लायसनच्या हिशोबात एकेकाची नोंद असते, म्हणून नाना घामाघूम. लायसनच्या पुस्तकावर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलंच असतं. रात्री झोपण्याआधी काडतुसं मोजणं हा नानांच्या घरी शुभंकरोतीनंतरचा कार्यक्रम. दीड तासानं नाना हताश होऊन बाकावर बसले, पाय वर घेतला, आणि पॅंटच्या मुडपीतून सहावी खाली पडली. बुडालेल्या सगळ्या घाण्याचे पैसे नानांनी दिले. दुसऱ्या दिवशी लेथवाल्यानं आतल्या स्प्रिंगा बदलून दिल्या आणि बिलावर पुन्हा ‘बुश’ लिहिलं.

दुसरा डिब्बा मात्र उत्तम निघाला. खरंच उत्तम. ओसरीवर नाना सराव करतात तेव्हा मी पाहिलंय: रिकामी टोपणं भरून, नळी वाकवून, तोंडं लावून, एक दाब, सहाही आत. साय तर सोडाच, चहा निवतसुद्धा नाही. या वयात बोटं अशी चालणं ही साधी गोष्ट नव्हे आणि तिची थट्टा करायला मी धजणार नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत रिव्हॉल्वरच्या आधी लोडरला कुंकू लागलं. ते भोकांत गेलं आणि पुढं दिवाळीपर्यंत काडतुसं लाल निघत होती, एवढंच.

अडचण उरली ती हे सगळं घेऊन जायचं कुठं, याची. बालाजीच्या मेळ्यात नाही. जत्रा, मिरवणूक, सभा यांत शस्त्र न्यायचं नाही ही लायसनची अट. बँकेत नाही. नातवाच्या शाळेत नाही. आणि सासुरवाडीला तर नाहीच, कारण काकूंचं माहेर मुक्ताईनगर; म्हातारे अजून एदलाबादच म्हणतात. नानांच्या लायसनवर ‘मध्य प्रदेश’ लिहिलेलं आहे आणि मध्य प्रदेश इच्छापूरला संपतो. म्हणून महाराष्ट्रात लग्नकार्य निघालं की सगळं कपाटात कुलूपबंद होतं. इच्छादेवीचं देऊळ मागं पडलं की नाना गाडीत अवघडून बसतात, दोन्ही कुशी चाचपतात. काकू सांगतात की माहेरी एवढा नम्र जावई दुसरा नाही.

2023 च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडं आचारसंहिता लागली की लायसनवाले रांगेनं ठाण्यात जातात आणि शस्त्र जमा करून पावती घेतात. नानांनी रिव्हॉल्वर दिलं, काडतुसं मोजून दिली, लोडर पुढं केला. मुन्शीनं तो परत सरकवला. “डिब्बे की रसीद नहीं बनती.” म्हणून डिसेंबरात शस्त्र परत मिळेपर्यंत नाना नुसता लोडर लावून हिंडले, रिकामा. 2024 च्या 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, पुन्हा तेच; ती थेट जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

त्या उन्हाळ्यात एका रात्री बागेतल्या मोटारीची केबल कापायला चोर आले. तांब्यासाठी नेतात. नाना मचाणावर जागेच होते. आयुष्यभर ज्या क्षणाची तयारी केली तो आला होता आणि नानांच्या कमरेला नायलॉनचा एक गोळा होता. तरी ते डगमगले नाहीत, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. बॅटरी मारली आणि केळीच्या ओळीत गरजले, “खबरदार! सहा आहेत, आणि वर सहा आहेत!”

अंधारातून शांतपणे उत्तर आलं, “नाना, आचारसंहिता आहे.”

केबल गेली. सकाळी ठाण्यात फिर्याद झाली. नानांनी तिच्यात चोराला कायद्याची चांगली माहिती असल्याचा उल्लेख आग्रहानं करायला लावला. रेंजरसाहेबांनी आठवडाभर तोंड उघडलं नाही, आणि त्याबद्दल नाना त्यांना अजून मानतात.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून एका लायसनवर दोन शस्त्रं ठेवता येतात. आधी तीन होती. नानांनी दुसऱ्यासाठी, कानपूरच्याच ‘निर्भीक’ रिव्हॉल्वरसाठी, अर्ज केला आहे. तेही आचारसंहितेत जमा करावं लागेल हे टीआय साहेबांनी त्यांना दोनदा समजावलं. अर्ज कलेक्टर कचेरीत पडून आहे. त्याचा लोडर लेथवाल्यानं मागच्याच महिन्यात करून दिला.